पितळी बटणं आणि अकरा चित्रं

६ फेब्रुवारी

भिंगरे,

तू बरी असशीलच. नसतीस तर तुझ्या आईने भांडी आपटली असती आणि मला कळलं असतं. पत्र लिहितेय कारण फोन दुकानात, आणि फोनला जेवढे कान त्याहून तुझ्या बापाला जास्त.

तर तुझी ती कार्डवाली मैत्रीण येऊन गेली. काय गोड पोर! मी म्हटलं होतं, माझी परीक्षा घ्यायला कोणी मास्तरीण येईल छडी घेऊन. चौथीत शाळा सुटली त्यानंतर परीक्षा म्हणून कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी न्हाऊन, केस विंचरून बसले. तुझा बाप म्हणतो, आई, तुला काय बघायला येणारेत का? म्हटलं, येणारेत, तू हो बाजूला.

आधी तिने तो साठ प्रश्नांचा कागद काढला. चष्मा वर राहिला होता म्हणून तीच वाचत गेली. "मी अनोळखी माणसांशी सहज बोलते." एक ते पाचमध्ये सांगा म्हणे. म्हटलं, पाचाच्या पुढे काही आहे का? "मी वस्तू जागच्या जागी ठेवते." मी ठेवते गं, तुझी आई उचलते, त्याचे किती मार्क? "मला लहानसहान गोष्टींची काळजी लागून राहते." ते तुझ्या बापाला विचार म्हटलं, आमच्या घराची काळजी सगळी त्याने एकट्याने उचललीय, आम्हाला शिल्लकच ठेवली नाही. हसून हसून तिचं पेन खाली पडलं.

मग चित्रांची कार्डं. टेबलाच्या पलीकडे उभी राहून एकेक दाखवायची, लगेच पुढचं. चाळीस झाली. मग चहा. मग ऐंशी दाखवली आणि म्हणाली, आधीचं कोणतं, नवं कोणतं ते सांगा. मी आपली सांगत गेले. चित्रं छान होती.

चहाच्या वेळी तिच्या बाहीचं बटण लोंबत होतं ते मी लावून दिलं. लाँड्रीत येऊन कोणी लोंबतं बटण घेऊन परत गेलं तर आजोबा वरून हाका मारतील. सुईत दोरा तेवढा तुझी आई ओवून देते हल्ली, तिला तेवढंच पुण्य.

बाकी दुकान ठीक. पाणी खराब येतंय. पांढरे शर्ट पिवळट निघतात, म्हणून मी नीळ वाढवलीय. तुझा बाप कुरकुरतो. कुरकुरू दे.

किती मार्क पडले ते कळव. पेढे वगैरे काही नको, आकडा हवा.

तुझी आजी


११ फेब्रुवारी

आजी,

आकडा सांगायचा नसतो, पण तुझ्याशी कोण वाद घालणार. चाळीसपैकी अकरा.

रागावू नकोस. ही परीक्षा पास-नापासची नाहीच. आम्हाला एवढंच बघायचंय की माणसाच्या स्वभावाचा आणि बघितलेलं लक्षात राहण्याचा काही संबंध आहे का. आमचा अंदाज असा की चौकस, नव्याची हौस असलेल्या माणसांना चित्रं जास्त आठवावीत आणि सतत काळजी करणाऱ्यांना कमी. अंदाजच आहे, खरं काय ते अजून ठरायचंय. आतापर्यंत एकशे बारा माणसं झाली.

आणि त्यांत तू! चौकसपणात सगळ्यांत वर, बोलकेपणात सगळ्यांत वर, काळजी जवळजवळ शून्य. तुझे पस्तीस तरी यायला हवे होते. माझ्या आलेखात सगळे ठिपके एका बाजूला आणि तुझा एक ठिपका खाली कोपऱ्यात, रुसून बसल्यासारखा. माझ्या बाई म्हणाल्या, "ह्या कोण?" मी म्हटलं, "माझी आजी." त्या म्हणाल्या, "मग बरोबर."

मैत्रिणीची बाही अजून शाबूत आहे.

भिंगरी


१९ फेब्रुवारी

भिंगरे,

आलेखात मी कोपऱ्यात बसलेय, आता घरातही बसवताहेत. अकरा आकडा तुझ्या बापाला कोणी सांगितला? मी नाही सांगितला. कार्डवालीने नाही सांगितला, मी तिला शपथ घातली होती. उरलं कोण? फोनवर हसत सांगितलास ना? तुझ्या हसण्याची इथे काय शोभा झाली ते ऐक.

तुझ्या बापाने काल दुकान बंद करताना विषय काढला. "आई, एक तारखेपासून तू वर घरात बस. शटरची चावी माझ्याकडे दे." का रे बाबा? तर म्हणे, "तुझ्या लक्षात राहत नाही आता. भिंगरीच्या परीक्षेतसुद्धा चाळीसात अकरा. आणि तो कोट?"

कोटाचं तुला माहीत नाही. तुला म्हणून सांगते. आपल्याकडे कोट धुवायच्या आधी बटणं काढून पुडीत ठेवतात आणि इस्त्री झाल्यावर मी परत लावते, हे तर तुला लहानपणापासून माहीत आहे. कितीतरी पुड्या गिळायला निघायचीस. तर गेल्या महिन्यात एक कोट वकिलाचा, एक बँडमधल्या तुतारीवाल्याचा. वकिलाचा काळा, काळी बटणं. बँडवाल्याचा गडद निळा, पितळी बटणं, प्रत्येकावर नांगर कोरलेला. दोघांचं अंगमाप एक, शिलाई एका शिंप्याची. तर बटणांची झाली अदलाबदल. वकील घाईत, कोर्टाच्या दारात कागद फाडून कोट चढवला आणि उभा राहिला आत. न्यायाधीश म्हणे, "वकीलसाहेब, आज युक्तिवाद करणार का सलामी देणार?" सगळं कोर्ट हसलं. वकील तेवढा नाही हसला.

पण ऐक, मी विसरले नव्हते! पितळी बटणं बँडवाल्याची, निळ्या कोटाची, हे मला अगदी आत्ता झोपेतून उठवलंस तरी सांगेन. एक बटण वाकलं होतं, तेही सांगेन. विसरणं म्हणतात का याला?

तुझ्या बापाने तीन वर्षांपूर्वी आकड्यांच्या चिठ्ठ्या आणल्या, कपड्याला टाचायच्या. टाच म्हटलं. पण बत्तीस वर्षं या दुकानात मी चिठ्ठीविना कपडा परत दिलाय. कपड्याला तोंड असतं. कोणाची कॉलर डावीकडेच झिजते, कोणाच्या खिशाला पेनाचा डाग, कोणाच्या बायकोने काज उलट्या टाक्याने घातलंय. तुझ्या त्या कार्डवालीचं सांगू? शर्ट सुती, डाव्या बाहीचं दुसरं बटण आधी कोणीतरी जाड दोऱ्याने लावलेलं, चार भोकांपैकी दोनच ओवलेली. मनगटापाशी मऊ पडलेला कपडा, म्हणजे ती लिहिताना हात घासते. कफाच्या आत शिवण उसवून परत मारलीय, हातशिलाई, आळशी हाताची. हे अकरा मार्कांच्या म्हातारीला कसं गं आठवतं? कार्डवाली जाताना सांगत होती त्या चित्रांतल्या किटल्या नि शिड्या माझ्या कोण लागतात की मी त्यांना ध्यानात ठेवू?

चावी मी दिली नाही. गळ्यातल्या साखळीत घालून ठेवलीय. ज्याला हवी त्याने आधी माझ्याशी बोलावं, आणि माझ्याशी बोलून आजवर कोणी जिंकलेलं नाही.

आजी


२५ फेब्रुवारी

आजी,

मी सांगितलं बाबांना. गंमत म्हणून. माझं चुकलं, आणि ते मी त्यांनाही फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "तू अभ्यास कर, दुकान मी बघतो."

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. रागावणार आहेस, पण विचारते.

पितळी बटणं निळ्या कोटाची हे तुला पक्कं आठवत होतं. मग ती काळ्या कोटावर कशी लागली? विसरलीस म्हणून नाही लागली.

मैत्रिणीच्या बाहीचं तू सगळं सांगितलंस, भोकं, टाके, मऊपणा. ती बाही तुझ्या हातात होती. मी तिला विचारलं, त्या दिवशी शर्टाचा रंग कोणता होता? ती म्हणाली, भडक लिंबासारखा, आजींनी एक शब्द काढला नाही. रंगावर तू गप्प? तू तर लोकांच्या मोज्यांवर बोलतेस.

आणि तुझी पत्रं मी जपून ठेवते. गेल्या वर्षी एका पानावर बावीस ओळी असायच्या. या पत्रात नऊ आहेत, आणि शेवटच्या दोन एकमेकींवर चढल्यात.

आजी, तुला दिसतं ना नीट?

भिंगरी


२ मार्च

मला सगळं दिसतं. तुझ्या पोटातलं पण दिसतं इथून.

काल एक तारीख होती. तुझ्या बापाने काउंटरमागची माझी खुर्ची वर नेऊन ठेवली. मी पायरीवर बसले. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला ओलांडून आत गेलं आणि प्रत्येकाने विचारलं, आजी पायरीवर का? मी प्रत्येकाला सविस्तर सांगितलं. दुपारी खुर्ची खाली आली.

ओळी मोजत बसू नकोस. शिकायला पाठवलंय तिकडे.

आजी


८ मार्च

आजी,

बरं. नाही विचारत.

सोबत पाकिटात दोन दोरे आहेत. एक काळा, एक गडद निळा. निळ्याला एका टोकाला गाठ आहे. पण आधी गाठ चाचपायची नाही. सकाळी खिडकीशी बस, दोन्ही पांढऱ्या कपड्यावर ठेव आणि बघ. मग गाठ बघ.

मला काही कळवू नकोस. बाबांनाही मी काही बोललेले नाही, आणि या वेळी बोलणारही नाही. फक्त तू आणि दोरे.

भिंगरी


२३ मार्च

भिंगरे,

महामाया आहेस तू. कोणावर गेलीस? माझ्यावर.

दोरे मी दहा दिवस उशीखाली ठेवले. मग परवा सकाळी सगळे बाहेर गेल्यावर खिडकीशी बसले. उन्हात धरले, सावलीत धरले. दोन्ही काळे. दिवाणावरून ऊन सरकेपर्यंत बसले, म्हटलं अजून थोडं ऊन येऊ दे, मग दिसेल. नाही दिसलं. शेवटी म्हटलं डावा निळा. गाठ उजव्याला निघाली. मग मी दोऱ्यांना शिव्या दिल्या. त्यांनी काय केलं होतं बिचाऱ्यांनी, पण समोर तेच होते.

आता सगळं सांगते. दोन वर्षं झाली. आधी वाटलं इस्त्रीची वाफ आहे. वाफ तर संध्याकाळी विरते, ही विरेना. माणसं दारातून आली की खोकल्यावरून, चपलेवरून ओळखते. कपडा नाकाशी धरला की दिसतो, बाकी बोटं सांगतात. तुझी ती कार्डं? टेबलापलीकडे एक धुरकट पोरगी धुरकट पत्ते नाचवत होती. चाळीस वेळा नाचवली. मी अंदाजाने हो-नाही म्हणत गेले. खरं तर तुझ्या शास्त्राने मला बक्षीस द्यायला हवं, काही न दिसता अकरा आणले!

का नाही सांगितलं म्हणशील. तोंडाला तर कुलूप नाही माझ्या. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात, मी तर आजवर डोंगर विकले. पण हे एक नाही निघालं तोंडातून.

माझ्या आईचे डोळे गेले तेव्हा मी तुझ्याएवढी असेन. चांगली शिवणकाम करणारी बाई. कोणी तिला वाईट वागवलं नाही हो. सगळे फार चांगले वागले. हातातलं काम काढून घेतलं, "राहू दे, आम्ही करतो" म्हणाले, भिंतीशी गादी टाकून दिली. बाई सहा वर्षं त्या गादीवर बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, काही उसवलंय का रे तुझं? कोणाचं काही उसवलेलं नसायचं. मीही "नाही गं" म्हणायचे. माझ्या परकराची कड लोंबत असायची तेव्हासुद्धा.

डोकं गेलं म्हटलं की मला भांडता येतं. डोकं आहे माझ्याकडे, दाखवते. डोळ्यांवर काय भांडणार?

पण ते दोरे फार छळायला लागले. काल भर दुकानात, पाच गिऱ्हाईकं उभी असताना मी काउंटरवर हात आपटला. म्हटलं, ऐका सगळे. मला दिसत नाही. लक्षात सगळं आहे, दिसत नाही. ज्याला चावी हवी त्याने डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ आधी आणावी.

तुझा बाप इस्त्री हातात धरून उभा राहिला. एवढा वेळ की बँकवाल्याच्या पँटला बदामाएवढं भोक पडलं. मग म्हणतो, "दोन वर्षं मी तुझ्या डोक्यावर शंका घेतोय, आई. रोज रात्री हिला सांगतो, आता आईला आपण आठवणार नाही एक दिवस. आणि तू गंमत बघत होतीस?" म्हटलं, गंमत बघायला तरी दिसायला हवं ना रे. तेव्हा तो हसला का रडला ते मला दिसलं नाही. आवाज दोन्हींचा होता.

आज सकाळीच डॉक्टरकडे नेलं त्याने. मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, पिकून तयार. डॉक्टरीण म्हणाली, आजी, एवढे दिवस कशा चालत होतात? म्हटलं, पायांनी.

पुढच्या महिन्यात आधी उजवा, मग डावा. चावी गळ्यातच राहणार. डॉक्टरणीला सांगून ठेवलंय.

आजी


२४ एप्रिल

आजी,

दोन्ही डोळे झाले, तू डॉक्टरीणबाईंच्या कोटाला नावं ठेवलीस, हे सगळं आईने कळवलं. मी इथे वेडीसारखी नाचले.

मैत्रीण सोमवारी येईल, कार्डांचा दुसरा संच घेऊन. पण आधीच सांगते, ते फक्त तुझ्या हौसेसाठी. आमच्या नियमात दुसरी खेप धरत नाहीत. आणि बाई म्हणाल्या की पहिले अकराही काढून टाकावे लागतील, कारण ते आठवणीचं माप नव्हतं, दिसण्याचं होतं. म्हणजे तुझा ठिपका आलेखातून जाईल. एकशे बाराचे एकशे अकरा.

बाकीच्यांना फोन करून आता आम्ही विचारतोय, चित्रं दिसत होती ना? सहा जण गप्प झाले. सहा, आजी! त्यांतले दोघं तर माझ्या बाईंच्या ओळखीचे.

वाईट वाटून घेऊ नकोस ठिपक्याचं.

भिंगरी


५ मे

भिंगरे,

बघ, मोज ओळी. चोवीस आहेत. चोवीस!

काय काय दिसतंय म्हणून सांगू. दुकानाची भिंत पांढरी आहे. मी दोन वर्षं तिला बदामी समजत होते आणि रंगाऱ्याचं कौतुक करत होते. पाणीही चांगलंच येत होतं. शर्ट पिवळे नव्हते, माझी नजर पिवळी होती. मी नीळ घालत सुटले आणि आता बघते तर अख्ख्या गल्लीतले सभ्य पुरुष फिकट निळे होऊन हिंडताहेत. कोणी तक्रार केली नाही. आजीला कोण बोलणार? एकेकाला पकडून परत फुकट धुऊन देतेय.

आणि तुझा बाप म्हातारा झालाय गं. कानांवरचे सगळे केस पिकलेत. मला कोणी सांगितलंच नाही. मी त्याला जवळ बोलावून बराच वेळ बघितलं, तर म्हणतो, "काय, डाग आहे का?" म्हटलं, आहे, पण जाणारा नाही, राहू दे.

वकिलाच्या घरी मी स्वतः गेले. तो म्हणाला, "आजी, जुनी गोष्ट झाली." म्हटलं, माझी नाही झाली. कपाटात तसाच टांगलेला कोट मागून उंबऱ्यावर बसून पितळी बटणं काढली, बँडवाल्याने तेव्हाच दुकानात आणून टाकलेली त्याची काळी लावली. मग बँडवाल्याकडे. त्याची नांगराची मोजून सहा लावली, वाकलेलं खालून दुसरं, जिथे होतं तिथेच. तो बोटाने चाचपून म्हणाला, "हे इथलंच होतं हे तुम्हाला कसं आठवलं?" सांगत बसले असते, पण त्याला वाजवायला जायचं होतं.

खुर्ची काउंटरमागे आहे. चावी गळ्यात आहे. तुझ्या बापाने मागितलेली नाही. चिठ्ठ्याही टाचतो तो, टाचू दे, त्यालाही काही आधार हवा.

आता कार्डांचं. सोमवारी कार्डवाली आली. चाळीसात तेहतीस. पस्तीस नाहीत, तुझा अंदाज दोनाने चुकला. एक शिडी मी मुद्दाम सोडली, मला शिड्या आवडत नाहीत. शर्ट हिरवा घातला होता तिने, आणि तो तिला मुळीच शोभत नव्हता. तेही सांगितलं.

पण ठिपका काढायचा नाही. तुझ्या बाईंना सांग, आजीने नाही म्हटलंय. अकरा माझे आहेत. अंधारात आणलेत. तू म्हणतेस ते दिसण्याचं माप होतं. चूक. दिसत नव्हतं ते डोळ्यांमुळे, पण दिसत नाही हे बोलले नाही ते कशामुळे? तो स्वभावच की गं! तेच तर तुम्ही मोजायला निघालात ना? साठ प्रश्न विचारलेत, वस्तू जागेवर ठेवता का, अनोळख्यांशी बोलता का. आणि जे विचारायचं तेच राहिलं. सहा जण गप्प झाले म्हणतेस. ते सहा कोण ते मला न बघता माहीत आहे. त्यांच्याकडेही कोणाची तरी भिंतीशी टाकलेली गादी असणार.

मला वगळून एकशे अकरा नकोत, मी एकशे बारावीच राहू दे. कोपऱ्यात, रुसलेली, पण राहू दे. आणि शेजारी बारीक अक्षरात लिही, या बाईला दिसत नव्हतं आणि ती कबूलही करत नव्हती. नाव घालायचं तर घाल. मी लाजत नाही.

आणि कागदावर एकसष्टावा प्रश्न घाल. मी इथेच लिहून देते, माझ्या नव्या डोळ्यांनी, बारीक:

"६१. मला एखादी गोष्ट जमेनाशी झाली, तर मी ते घरच्यांना लगेच सांगते."

माझ्यापुढे तीन लिही. पाच लिहिलेस तर खोटं होईल, आणि एक लिहिलेस तर त्या दिवशी काउंटरवर आपटलेला हात फुकट जाईल.

तू स्वतः किती लिहितेस ते बघ. तुझ्या आईला फोनवर तू नेहमी "मस्त आहे" म्हणतेस, आणि ती नंतर भांडी आपटते.

तुझी आजी